मणका दबलाय: सिमेंट भरायचं की थांबायचं?

केतकी_स

आईच्या (वय ७४) पाठीचा मणका दबला आहे. पडली वगैरे नाही. खाली वाकून भरलेली बादली उचलली आणि कमरेच्या जरा वर एकदम कळ आली. उसण भरली असेल म्हणून शेक, मलम, वेदनाशामक गोळ्या असं चाललं होतं, पण दुखणं हटेना. एक्स-रे काढला तर एल-१ (कमरेचा पहिला) मणका पुढच्या बाजूने बसलेला.

पडून राहिली की ठीक असते. कूस बदलताना आणि उठून बसताना मात्र अक्षरशः जीव जातो तिचा. रात्री बाथरूमला जायचं म्हणजे दिव्यच.

एका सर्जनचं मत पडलं की व्हर्टिब्रोप्लास्टी करून टाका, म्हणजे सुईने मणक्यात सिमेंट भरायचं, दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्यांचं म्हणणं पट्टा बांधा, गोळ्या घ्या, दोन-तीन महिन्यांत हाड आपोआप जुळेल. दोघंही अनुभवी, दोघांनीही वेळ देऊन समजावलं, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढलाय.

जाणकारांनी आणि या प्रकारातून गेलेल्यांनी कृपया लिहा. फुगा घालून करतात ती कायफोप्लास्टी वेगळी का? आणि सिमेंट जन्मभर आत राहणार, त्याचं पुढे काय होतं?

अनाहत

माझ्या बाबांची कायफोप्लास्टी झाली आहे, डी-१२ मणक्याची (छातीच्या भागातला शेवटचा). आधीचे दोन महिने फार वाईट गेले. गोळ्यांनी दुखणं थांबेना आणि बद्धकोष्ठता, गुंगी, भ्रमिष्टासारखं बोलणं असं सगळं सुरू झालं. प्रोसिजरनंतर संध्याकाळीच ते स्वतःहून उठून बसले. पाठीला फक्त दोन छोट्या चिकटपट्ट्या. दुखणं शून्यावर आलं असं नाही, पण माणूस परत माणसात आला. आमच्यापुरतं विचाराल तर मी हो म्हणेन.

पाठीराखा

केतकीताई, मी स्पाइन सर्जन आहे. धाग्यावरून उपचार ठरत नसतात, पण तुमच्या दोन्ही डॉक्टरांपैकी कोणीही चुकीचं बोललेलं नाही हे आधी सांगतो. मतभेद खराच आहे आणि आमच्या क्षेत्रात तो पंधरा-सोळा वर्षं धुमसतोय.

आधी हे सांगा: दुखणं सुरू होऊन किती दिवस झाले? एमआरआय झाला का? गोळ्या नियमित वेळेवर चालू आहेत की दुखलं की एक अशा? पाय जड होणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ताप, वजन घटणं यातलं काही आहे का? आणि डॉक्टरांनी पाठीच्या मध्यभागी एकेक मणका बोटाच्या पेराने ठोकून पाहिला का?

हा शेवटचा प्रश्न फार लोकांना किरकोळ वाटतो. माझ्या लेखी तो निम्मा निर्णय आहे. फिल्मवर दबलेला मणका दिसतो एका जागी आणि पेशंट बोट ठेवतो वीतभर खाली, असं नेहमी घडतं. तिथे वरच्या मणक्यात सिमेंट ओतून खालचं दुखणं कसं जाईल? उतारवयातले मणक्याचे कित्येक फ्रॅक्चर कुणाच्या लक्षातही येत नाहीत, उंची कमी होते, पोक येतं आणि सगळे म्हणतात वय झालं.

केतकी_स

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. साधारण तीन आठवडे झालेत. पाय, लघवी, ताप सगळं व्यवस्थित आहे. गोळ्या आई 'फारच दुखलं तर' घेते, कारण किडनी खराब होईल ही भीती. ठोकून पाहिलं होतं, नेमकं त्याच जागी ती कळवळली. एमआरआय काल झाला. रिपोर्टमध्ये एल-१ ला 'मॅरो एडिमा' लिहिलंय आणि डी-८ चं 'जुनं बरं झालेलं फ्रॅक्चर' असंही लिहिलंय. हे डी-८ कुठून आलं? तिला तर कधीच काही लागलं नव्हतं.

पाठीराखा

तेच म्हणत होतो. डी-८ कधीतरी गुपचूप दबून गेलाय.

एमआरआयमध्ये स्टिर नावाचा एक क्रम असतो. त्यात चरबी काळी पडते आणि पाणी पांढरं उजळतं. नुकत्या मोडलेल्या मणक्याच्या मगजात (मॅरोमध्ये) सूज, म्हणजे एडिमा असते, म्हणून तो उजळ दिसतो. जुना भरून आलेला मणका आकाराने वेडावाकडा असला तरी शेजाऱ्यांच्याच रंगाचा. म्हणजे एल-१ ताजा, डी-८ शांत. डी-८ ला हात लावायचा नाही, कोणी 'आलोच आहोत तर तोही भरून टाकू' म्हटलं तरी. पेसमेकरमुळे एमआरआय जमत नसेल तर सीटी आणि बोन स्कॅन मिळून काम भागतं.

आता प्रोसिजर कशी होते ते लिहितो, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठं ऑपरेशन असतं.

पेशंटला पालथं झोपवतात. छाती आणि कंबरेखाली उशा, म्हणजे पोट मोकळं राहतं आणि दबलेला मणका थोडा आपसूक उघडतो. व्हर्टिब्रोप्लास्टी बहुतेकदा जागा बधिर करून आणि थोडी गुंगी देऊन होते, कायफोप्लास्टीला पूर्ण भूल द्यावी लागू शकते. सी-आर्म, म्हणजे सतत एक्स-रे दाखवणारं यंत्र, समोरून आणि बाजूने मणका दाखवत असतं. मणक्याच्या मागच्या बाजूला पेडिकल नावाचे हाडाचे दोन आखूड खांब असतात. समोरून पाहिलं की ते पडद्यावर दोन गोल डोळ्यांसारखे दिसतात. सुई त्या गोलातून पुढे जाते. गोलाची आतली कड ओलांडली तर पलीकडे मज्जारज्जूची नळी आहे, म्हणून सुई मणक्याच्या पुढच्या भागात पोचेपर्यंत ती कड ओलांडू द्यायची नाही. हातोडीचे अगदी हलके टोले देत, प्रत्येक टप्प्यावर चित्र पाहत सुई सरकवायची.

मग सिमेंट. पीएमएमए हे त्याचं नाव. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम सांधा बसवायला हेच वापरतात, त्यामुळे शरीरात ते वर्षानुवर्षं राहतं याचा अनुभव मोठा आहे. पावडर आणि द्रव एकत्र केले की ते घट्ट होऊ लागतं. पडद्यावर दिसावं म्हणून त्यात बेरियम मिसळलेलं असतं. खरं कौशल्य थांबण्यात आहे. पातळ असताना ढकललं तर ते हाडाच्या भेगांतून आणि शिरांतून बाहेर पळतं. टूथपेस्टइतकं दाट झालं की मग थोडं थोडं, दर वेळी पडद्यावर नजर ठेवून. मणक्याच्या मागच्या भिंतीकडे काळी रेघ सरकताना दिसली की हात थांबलाच पाहिजे. एका मणक्यात जातं किती, तर काही मिलिलिटर. काही मिनिटांत ते दगड होतं.

कायफोप्लास्टीत सुईच्या वाटेने आधी फुगा घालून फुगवतात. त्याने पोकळी तयार होते, मणक्याची थोडी उंची परत मिळू शकते, आणि त्या पोकळीत दाट सिमेंट कमी दाबाने भरता येतं, म्हणून गळती कमी. वेदना कमी होण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीत फारसा फरक आढळलेला नाही. फुग्याचा खर्च बराच जास्त. ताज्या, बऱ्याच बसलेल्या मणक्यात मी फुग्याचा विचार करतो, एरवी साधी व्हर्टिब्रोप्लास्टी पुरते.

आणखी एक, पॅरासिटामॉल ठरल्या डोसमध्ये, ठरल्या वेळेला द्या. किडनीची भीती आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक गटाच्या गोळ्यांची बाळगा, ती रास्त आहे.

विचक्षण

पाठीराखा यांचं वर्णन उत्तम आहे, पण पुराव्याची बाजू मांडल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

व्हर्टिब्रोप्लास्टी पहिल्यांदा झाली १९८४ साली, फ्रान्समधल्या आमियाँ इथे. गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या दुसऱ्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी ती केली. ठिसूळ हाडांसाठी ती नंतर वापरात आली आणि झपाट्याने पसरली. तिची तुलना खोट्या प्रोसिजरशी करून पाहायला २००९ साल उजाडलं.

त्या वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या. एकीत ७८ पेशंट, दुसरीत १३१. निम्म्यांना खरंच सिमेंट, निम्म्यांना फक्त नाटक. नाटक किती पक्कं, तर एका चाचणीत सिमेंटच्या द्रवाची बाटली खोलीत उघडत, म्हणजे त्याचा उग्र वास पेशंटला यावा. निकाल: दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि जवळपास सारखंच कमी झालं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानेही ठिसूळ हाडांच्या फ्रॅक्चरसाठी ही प्रोसिजर सरसकट करण्याला पाठिंबा दिला नाही.

अनाहत, तुमच्या वडिलांना आराम पडला याचा आनंदच आहे. पण दोन महिन्यांनी अनेकांना काहीच न करताही आराम पडतो. मग श्रेय कोणाला द्यायचं हे एका पेशंटवरून कसं कळणार?

अनाहत

विचक्षण, तुमचा मुद्दा कळतो. पण सकाळी कूस बदलू न शकणारा माणूस संध्याकाळी उठून बसतो, हे मी पाहिलंय. 'आपोआपच झालं असतं' हे मला पटणं अवघड आहे.

पाठीराखा

विचक्षण यांनी दिलेली माहिती बरोबर आहे आणि ती प्रत्येक पेशंटला सांगितली गेली पाहिजे. मी सांगतो. फक्त चित्र एवढ्यावर संपत नाही.

२००९ च्या चाचण्यांमध्ये वर्षभरापर्यंतची जुनी फ्रॅक्चरंसुद्धा घेतली होती. त्यात हाड जुळून गेलेली मंडळी असणारच. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातली व्हेपर चाचणी आली. १२० पेशंट, सगळ्यांचं फ्रॅक्चर सहा आठवड्यांच्या आतलं, वेदना दहापैकी सात किंवा जास्त. दोन आठवड्यांनी वेदना चारच्या खाली आलेले सिमेंटच्या गटात ४४ टक्के होते, नाटकाच्या गटात २१ टक्के. फायदा झाला, आणि तो कंबर-छातीच्या सांध्याजवळच्या मणक्यांत जास्त दिसला. केतकीताईंच्या आईचा एल-१ त्याच टापूतला.

मग २०१८ मध्ये नेदरलँड्सची व्हर्टोस-४ आली, १८० पेशंट, तीही ताज्या फ्रॅक्चरची, आणि तिच्यात नाटकापेक्षा सरस फायदा दिसला नाही. का? एक कारण सांगितलं जातं ते मला पटतं. व्हर्टोस-४ मध्ये नाटकाच्या गटालाही हाडाच्या आवरणापर्यंत बधिरीचं इंजेक्शन दिलं होतं, व्हेपरमध्ये फक्त कातडीखाली. हाडाच्या आवरणात भरपूर चेतातंतू असतात, त्यामुळे ते इंजेक्शन हाच एक उपचार ठरला असावा. शिवाय व्हेपरमधले बरेच पेशंट दुखण्यामुळे रुग्णालयात भरती झालेले होते, म्हणजे मुळात जास्त बेजार.

माझं मत या सगळ्यातून असं झालंय: दबलेल्या मणक्यांपैकी बहुतेकांना सिमेंटची गरज नसते. थोडे असतात ज्यांना ती खरोखर असते. ताजं फ्रॅक्चर, एमआरआयवर उजळ, दुखणं नेमकं तिथेच, आणि नीट औषधं देऊनही माणूस अंथरुणाला खिळलेला. ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१३ मध्ये साधारण अशाच पेशंटसाठी परवानगी दिली आहे. अंथरुणाला खिळणं ही म्हातारपणी किरकोळ गोष्ट नाही. स्नायू भराभर झिजतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. अशा माणसाला 'थांबा' सांगणं हाही एक निर्णय आहे आणि त्याचेही दुष्परिणाम आहेत.

विचक्षण

ज्या गटाबद्दल तुम्ही म्हणताय त्याबद्दल माझा विरोध नाही. विरोध आहे तो एक्स-रे दाखवल्या दाखवल्या तारीख देण्याला.

पाठीराखा

त्याला माझाही आहे.

सुमेधा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट. सिमेंट भरा किंवा नका भरू, उठण्या-बसण्याची पद्धत आजपासून बदला.

काकूंना उठवताना हात धरून सरळ वर ओढू नका. त्याने मणका पुढे वाकतो आणि पुढच्या दबलेल्या भागावर सगळा भार येतो. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, पाय गादीवर टेकलेले. मग खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी, मधे पीळ न पडता, कुशीवर. आता पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या पंजाने रेटून अंग वर. पाय खाली जातात त्या वजनानेच धड वर यायला मदत होते. झोपताना हेच उलट क्रमाने. पहिले एक-दोन दिवस कुणीतरी खांद्यामागे हात ठेवून सोबत करा.

पट्टा उठताना, चालताना. झोपताना नको. दुखणं उतरलं की तो हळूहळू कमी करायचा, नाहीतर पाठीचे स्नायू आळसावतात. पुढे वाकायचे व्यायाम, पायाची बोटं धरणं, सिट-अप्स हे कायमचे बंद. पाठ मागे ताणायचे सौम्य व्यायाम नंतर मी स्वतः शिकवते. आणि कुणाकडूनही पाठ दाबून, मोडून घेऊ नका, कितीही खात्रीने सांगितलं तरी.

दिवसभर झोपवून ठेवू नका, हे मात्र हात जोडून सांगते. थोडा वेळ खुर्चीत, थोडा वेळ चालणं, थोडा वेळ आडवं.

निशिगंध

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या सासऱ्यांचंही 'हाडं ठिसूळ झालीत' म्हणून सुरुवातीला असंच चाललं होतं. अशक्तपणा खूप होता, हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन वाढलेलं. त्यावरून एका डॉक्टरांना वेगळाच संशय आला. रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केली आणि मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर) निघाला. पुढे सिमेंट भरताना त्याच सुईतून हाडाचा तुकडाही तपासायला घेतला. त्यांना सिमेंटचा फार उपयोग झाला, केमोसाठी बसून जाता येऊ लागलं.

केतकी, घाबरवायचं नाहीये. पण रक्ताच्या तपासण्या करून घेतल्यात ना?

पाठीराखा

निशिगंध यांनी महत्त्वाचं लिहिलंय. मणका आपोआप दबला की प्रत्येक वेळी कारण ऑस्टिओपोरोसिसच (हाडं ठिसूळ होणं) असं गृहीत धरायचं नाही. मायलोमा, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, मणक्याचा क्षय, या सगळ्यांत मणका बसतो. रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, वजन घटणं, ताप, किंवा छातीच्या अगदी वरच्या भागातला एकटाच दबलेला मणका, असं काही असलं की शोध घ्यायलाच हवा. आणि जंतुसंसर्ग असेल तर सिमेंट अजिबात नाही.

कॅन्सरने मोडलेल्या मणक्यांची गोष्ट वेगळी आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३४ कॅन्सर पेशंटपैकी ज्यांना कायफोप्लास्टी मिळाली त्यांची हालचाल आणि वेदना महिन्याभरात स्पष्ट सुधारली. तिथे मी निर्णय लवकर घेतो. मात्र कॅन्सरने हाडाची भिंत खाल्लेली असते, म्हणून सिमेंट गळण्याचा धोकाही जास्त.

रानवारा

माझा भाऊ ३२ वर्षांचा, उंचावरून पडला, एल-१ बर्स्ट फ्रॅक्चर. त्यालाही सिमेंट चालेल का?

पाठीराखा

तो वेगळा आजार समजा. तरुण, चांगलं हाड, जोराचा मार, आणि मणका चहूबाजूंनी फुटलेला. तुकडे मागे नळीत सरकले असतील तर सिमेंटचा दाब त्यांना आणखी मागे ढकलेल. अशा वेळी फ्रॅक्चर स्थिर असेल तर ब्रेस, अस्थिर असेल तर वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू आणि रॉड. हे स्क्रूही आता छोट्या छेदांतून, स्नायू न सोलता घालता येतात. पायात अशक्तपणा असेल तर मात्र मज्जारज्जू मोकळा करावा लागतो आणि उशीर करायचा नाही. सीटी झाला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अनाहत

एक विचारायचं होतं. बाबांना सांगितलं होतं की सिमेंट भरलेला मणका कडक होतो म्हणून शेजारचा मणका मोडू शकतो. खरं आहे का? आणि गळती म्हणजे नेमकं काय?

पाठीराखा

थोडी गळती बऱ्याच जणांत होते आणि बहुतेकांना कळतही नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीत किंवा आजूबाजूला थेंबभर गेलं तर बिघडत नाही. नळीत किंवा नसेच्या वाटेत गेलं तर पाय दुखणं, बधिरपणा, क्वचित लुळेपणा. शिरांतून फुप्फुसात गेलं तर बारीक कण बहुधा काही करत नाहीत, पण क्वचित जिवावर बेतू शकतं. हे प्रकार दुर्मीळ आहेत, तरी संमतिपत्रावर सही करण्याआधी ऐकून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

शेजारच्या मणक्याबद्दल वाद आहे. सिमेंट चकतीत गळलं तर धोका वाढतो असं दिसतं. पण मोठं कारण सिमेंट नसतंच. एक मणका दबला तो हाड ठिसूळ होतं म्हणून, आणि शेजारचंही हाड तितकंच ठिसूळ आहे. आम्ही एक मणका भरतो, बाकीचे तसेच राहतात. अनाहत, बाबांना हाडांचं औषध चालू आहे ना?

अनाहत

कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन चालू आहे.

पाठीराखा

ते पुरेसं नाही. ते पाहिजेच, पण मोडलेल्या मणक्यानंतर खरं औषध लागतं: अ‍ॅलेंड्रोनेट, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब, किंवा रोजचं टेरिपॅराटाइड. काय द्यायचं ते किडनी, दात आणि हाडाची अवस्था बघून ठरतं. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) चांगला आला तरी थोड्याशा कारणाने मणका दबणं हाच ऑस्टिओपोरोसिसचा पुरावा. डेनोसुमॅब सुरू केलं तर तारीख चुकवू नका. ते मधेच सोडलं की हाड झपाट्याने विरळ होतं आणि एकदम अनेक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा.

अनाहत

उद्याच अपॉइंटमेंट घेतो. हे आम्हाला नीट कळलंच नव्हतं. धन्यवाद.

केतकी_स

सगळ्यांचे आभार, अपडेट देते. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, मायलोमाची तपासणीही करून घेतली (निशिगंध, थँक्यू). आईला पॅरासिटामॉल घड्याळ लावून दिलं, दुसऱ्या डॉक्टरांनी काही दिवस झोपताना एक जास्त ताकदीची गोळी दिली. सुमेधाताईंनी लिहिलेली उठायची पद्धत मी आणि दादाने आधी स्वतः करून पाहिली, मग तिला शिकवली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली की अशी कळ येत नाही.

पहिल्या सर्जनना पुन्हा भेटलो. त्यांनी स्वतःहून सांगितलं की दुखणं असंच उतरणार असेल तर मी सुई घालणार नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, मधे वाढलं तर लगेच या. आता दुखणं दहापैकी चारवर आहे आणि ती एकटी बाथरूमला जाते. म्हणून सध्या थांबलोय.

डेक्सा उणे ३.४, म्हणजे हाडं बरीच विरळ. दोन मणके दबलेले असल्यामुळे टेरिपॅराटाइडची रोजची सुई सुरू केली आहे. ती किती दिवस घ्यायची?

सुमेधा_फिजिओ

फार बरं वाटलं वाचून! घाई करून वाकायला लागू देऊ नका, दुखणं कमी झालं की माणसं नेमकं तेच करतात.

पाठीराखा

उत्तम चाललंय. रोज २० मायक्रोग्रॅम, जास्तीत जास्त दोन वर्षं. पेन फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका. सुरुवातीला सुईनंतर चक्कर येऊ शकते, तेव्हा घेतल्यावर थोडा वेळ बसवून ठेवा. आणि दोन वर्षांनी ते थांबलं की मिळवलेलं हाड टिकवायला लगेच दुसरं औषध लागतं, बहुधा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅलेंड्रोनेट. मधे खंड पडला तर सगळी मेहनत हळूहळू वाया जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून ते फाइलवर लिहून घ्या. त्याआधी एकदा दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, दात काढायचा असेल तर त्या औषधाच्या आधी काढलेला बरा.